ढब्बूला दम लागतो

९ जानेवारी

प्रिय दादा,

खोकं मिळालं. दातांच्या कॅप सगळ्या आहेत, पण उजव्या दाढेची ती मोठी साच्यावर डोलते. तुझं ओतकाम कधी डोलत नाही, म्हणून आधी मी माझ्याच डोळ्यांवर संशय घेतला. परत पाठवते आहे. फोन केला असता, पण मोटरींच्या घरघरीने तुझे कान गेले आणि फोनवर निम्मं तुला ऐकू येत नाही, निम्मं तू ऐकत नाहीस. तेव्हा नेहमीसारखं खोक्यातूनच पत्र.

तुझ्या कॅप घासून, कडा बसवून परत पाठवायला मला हल्ली उशीर होतोय, हे तू बोलायच्या आधी मीच सांगते. दादा, मला थकवा येतो. कष्टाचा थकवा आपल्याला माहीत आहे, आप्पांच्या हाताखाली दोघं लहानपणापासून घासतोय. हा तसला नाही. रात्रभर झोपून उठलं तरी अंग भिजलेल्या गादीसारखं जड. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनदा कठड्याला टेकावं लागतं. परवा शेजारीण विचारत होती, "काही हरवलंय का?"

डॉक्टरकडे जाऊन आले. त्याने वय विचारलं, मी सत्तेचाळीस म्हटलं, आणि त्याचं निदान तिथेच झालं. "या वयात बायकांना होतं." उद्या जिन्यावरून गडगडत खाली आले तरी म्हणेल, या वयात बायकांना होतं. मग विचारलं, काम काय करता? म्हटलं, बसून असतं. "तरीच! रोज चालत जा." अरे बाबा, चालवत नाही म्हणून तर तुझ्याकडे आले!

लोहाच्या गोळ्या दिल्यात. तोंडाला गंजाची चव येते.

तुझी,
ठिणगी


२० जानेवारी

प्रिय ठिणगी,

दाढ दुरुस्त करून पाठवली आहे. एखादी डोलली म्हणून लगेच ओरडू नकोस, हात माणसाचा आहे.

तुझ्या थकव्याचं कारण मला डॉक्टरची फी न घेता कळतं. तुला बसायला आवडतं. लहानपणीही पळापळीत पहिली तूच बाद व्हायचीस आणि भांडून परत खेळात यायचीस. डॉक्टर चाल म्हणतो तर चाल. मला बघ, त्रेपन्नाव्या वर्षीही सकाळी ढब्बूला घेऊन नदीपर्यंत जातो. म्हणजे जायचो. ढब्बू आता म्हातारा झालाय. पुलाच्या अलीकडेच थांबतो, जीभ बाहेर काढतो, मग मलाही त्याच्यापायी थांबावं लागतं. मुकं जनावर, साखळीने ओढणार तरी कसं? तुझी वहिनी म्हणते, वेळेवर परत येत नाही. तिला काय सांगायचं.

एक चांगली बातमी. आप्पांच्या वेळचा तो धातू बंद होणार म्हणून मी दुकानदाराचे उरलेसुरले डबे सगळे उचलून आणले. नवा धातू म्हणजे मठ्ठ कारभार, साच्याच्या कोपऱ्यात जायलाच तयार नसतो. आप्पांचा कसा, पाण्यासारखा धावतो. आपण म्हातारे होईपर्यंत पुरेल.

लोह खा, चाल, आणि कॅप लवकर पाठव. तो चौकातला दातवाला माझ्या नावाने शंख करतोय.

तुझा,
दादा


२ मार्च

प्रिय दादा,

चालले. आठवडाभर तुझं ऐकून चालले. शेवटच्या दिवशी भाजीवालीच्या ओट्यावर बसले ते उठवेना. तिने पाणी दिलं आणि कुणाला बोलवू का विचारलं. मला इतका राग आला की त्या रागाच्याच जोरावर घरी आले.

मग दुसरा डॉक्टर. हा म्हणाला दमा, आणि ओढायचा पंप दिला. पंप ओढून नुसते हात थरथरले. तिसरा डॉक्टर तर थोरच. पाच मिनिटं माझा नवरा बोलला, मी नाही, आणि त्याने गोळी लिहून दिली मन शांत राहण्याची! आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मी म्हटलं, माझं मन शांतच आहे, मला श्वास द्या. तर नवऱ्याकडे बघून हसला, जणू काही ह्याच स्वभावावर गोळी दिलीय.

आता जे लिहिलं नव्हतं ते लिहिते. मानेला गाठ आहे. डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात. दिवाणखान्यातल्या आरशात नाही दिसली, कामाचा एप्रन बांधताना नाडीखाली लागली. आधी वाटाण्याएवढी होती, आता तिच्याशेजारी दुसरी आली. दुखत नाही. दुखत नाही म्हणून मी खूश होते, तर चौथ्या डॉक्टरने तीच चाचपत विचारलं, "दुखत नाही?" आणि त्याचा चेहरा बदलला. मी म्हटलं, दुखायला हवी होती का? तो छातीच्या फोटोची चिठ्ठी लिहायला लागला.

त्याने एवढं मात्र नीट समजावलं. ह्या गाठी म्हणजे शरीरातल्या पोलीस चौक्या. कुठे काही घुसलं की चौकीत गर्दी होते, चौकी फुगते. कोण घुसलंय ते चौकीच्या बाहेरून दिसत नाही. जंतू असेल, टीबी असेल, किंवा ते दुसरं. ते दुसरं म्हणजे काय हे त्याने उच्चारलं नाही, मीही नाही. छातीच्या फोटोत आतल्या चौक्याही फुगलेल्या आहेत. गाठ काढून तपासायची आहे.

मला भीती वाटते, दादा. आणि भीतीपेक्षा जास्त संताप येतो. दोन महिने मी एकेका दारात हेच सांगत होते.

ठिणगी


११ मार्च

प्रिय ठिणगी,

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवत होतो, मध्येच आवाज गेला. उरलेलं तिने वाचलं.

काही होणार नाही. तुला काही होईल असं तुझ्या तोंडाकडे बघून कुणालाच वाटणार नाही. यमाचीही हिंमत व्हायची नाही. हे विनोदाने लिहितोय, पण दोनदा खोडून लिहितोय.

ऑपरेशनला मी यायला हवं. आलोच असतो. पण ढब्बूला एकटं टाकून येववत नाही. त्याची फार दशा झालीय. परवा बसस्टॉपपर्यंतही आला नाही, मधल्या बाकावर बसून राहिला. मी शेजारी बसलो. बस समोरून गेली. वहिनी येते म्हणते, तिला पाठवू का? जिने चढून तुझ्याकडे काही दिवस राहील. कामाचं बघू नकोस. इकडच्या कॅप मीच घासून देतो आहे.

दादा


२८ एप्रिल

प्रिय दादा,

वहिनी दहा दिवस राहून गेली त्याबद्दल तिचे पाय धरायला हवेत, पण वाकलं की धाप लागते.

निकाल आला. कॅन्सर नाही. टीबी नाही.

सगळ्यांनी अभिनंदन केलं. नवऱ्याने पेढ्यांचा पुडा आणला. शेजारीण म्हणाली, सुटलीस! मी सगळ्यांना पेढा दिला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. कारण सुटलेले नव्हते. पुडा आणला तो दिवस आणि त्याचा आदला दिवस, दोन्ही दिवशी मला जिन्यात तितकंच टेकावं लागलं. काय नाही ते कळलं. काय आहे ते कुणी सांगेना.

खूप खोदून विचारल्यावर नाव मिळालं, सार्कॉइड. गाठीत आणि फुप्फुसात पेशींचे गठ्ठे होतात म्हणे. शरीराच्या पोलिसांनी कशाला तरी वेढा घातलाय आणि आत कोणी सापडत नाही. "कशाने होतं?" विचारलं. "कारण माहीत नाही." "मग किती दिवस?" "सांगता येत नाही." म्हटलं, अहो डॉक्टर, एवढं तर मलाही येत होतं!

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्यात. चेहरा भोपळ्यासारखा होणार आहे. भूक इतकी लागते की साच्याचं गुलाबी मेणसुद्धा खाईन. दम थोडा कमी झाला, म्हणून पुन्हा टेबलावर बसायला लागले. चार कॅप घासल्या. रात्री खोकला परत आला. ये रे माझ्या मागल्या.

ठिणगी


९ मे

प्रिय ठिणगी,

अभिनंदन! तू चिडणार हे माहीत आहे, तरी लिहितो. कॅन्सर नाही हे वाचून मी अंगणात जाऊन ढब्बूला मिठी मारली. बाकी सगळं सोसता येतं.

काम सुरू केलंस हे फार बरं. रिकामं बसलं की माणूस श्वास मोजत बसतो. सोबत बारा कॅप आहेत. घाई नाही, पण घाई आहे.

मी ठणठणीत. ढब्बूच्या सोयीसाठी झोपायची खोली खाली आणली. त्याला जिना चढवत नाही.

दादा


१७ जून

प्रिय दादा,

हे पत्र बसून वाच. वहिनीलाही वाचायला दे.

बारा कॅप तशाच परत पाठवते आहे. का ते सांगते.

खोकला थांबेना म्हणून मला फुप्फुसांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. माझ्याच वयाच्या, चष्मा कपाळावर आणि तो शोधत टेबल चाचपणाऱ्या. त्यांनी फाइल मिटून बाजूला ठेवली आणि विचारलं, दिवसभर काय करता? मी म्हटलं, बैठं काम. सगळीकडे तेच सांगत आले होते. त्या म्हणाल्या, "बसून तर मीही असते. हातांनी काय करता ते दाखवा."

मला हसू आलं. पण दाखवलं. डाव्या चिमटीत कॅप धरली, उजव्या हातात मोटरचा दांडा. घासली. उजेडात धरली. तोंडाजवळ आणली, फूऽऽ. परत घासली. परत फूऽऽ.

बाई म्हणाल्या, "थांबा. हे काय केलंत?"

"काय?"

"हे, तोंडाने."

"फुंकर मारली. भुगा उडाल्याशिवाय कड दिसत नाही."

"आणि भुगा कुठे जातो?"

दादा, चाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. हवेचा पंप होता की आपल्याकडे. आप्पा म्हणायचे, पंपाने कॅप उडून जाते, फुंकरीत अंदाज असतो. मास्क आणले होते, तेही तू आणि मी खुंटीला टांगले, कारण मास्क लावून फुंकता येत नाही. आणि फुंकून झाल्यावर पुढचा श्वास आपण त्याच ढगात घेतो.

बाईंनी धातूचं नाव विचारलं. मी घरी असलेल्या आप्पांच्या वेळच्या रिकाम्या डब्यावरची चिठ्ठी आणून दाखवली. त्यात बेरिलियम आहे. थोडंच, पण त्यामुळेच तो पाण्यासारखा धावतो. त्याची धूळ काही जणांच्या फुप्फुसात बसते आणि शरीर तिच्याशी भांडत राहतं, वर्षानुवर्षं. बाहेरून हुबेहूब सार्कॉइडसारखं दिसतं. रक्ताची तपासणी असते, पेशींना तो धातू दाखवतात. ज्यांचं वैर आहे त्यांच्या पेशी खवळतात. माझ्या खवळल्या.

बरं होईल का? गेलेलं परत येत नाही. धुळीपासून लांब राहिले आणि गोळ्या घेतल्या तर आहे तेवढं टिकेल, असं त्या म्हणाल्या. मी टेबल बंद केलं. काल मोटर कापडात गुंडाळली तेव्हा कुणाला तरी घराबाहेर काढल्यासारखं वाटलं.

पण हे पत्र माझ्यासाठी नाही. हा त्रास सगळ्यांना होत नाही. ज्यांच्या अंगात मुळातच तशी खोड असते त्यांना होतो, आणि ती खोड घराण्यातून उतरते. आपण एका आईबापाची. आठव, आप्पा शेवटची दोन वर्षं खिडकीशी बसून कसे श्वास ओढायचे. आपण म्हणायचो, वय झालं. आप्पांनी आयुष्यात बिडी ओढली नव्हती.

ते डबे बंद कर. तपासून घे. आजच.

ठिणगी


२५ जून

ठिणगे,

तुझं पत्र मिळालं. वहिनीला दिलेलं नाही.

तू आजारी आहेस म्हणून ऐकून घेतो. पण आप्पांना मध्ये आणू नकोस. आप्पांनी आपल्याला भाकरी दिली ती ह्याच फुंकरीवर. गावोगावची माणसं त्यांनी केलेल्या दातांनी जेवली. आणि एक चष्मा हरवणारी बाई तुझे हातवारे बघून सांगते की आमच्या बापाने आम्हाला विष दिलं? हीच डॉक्टर मंडळी तेरवा म्हणत होती पाळी जायचं वय, परवा म्हणाली दमा, काल कॅन्सर. आज धातू. उद्या म्हणतील ग्रह.

कॅप परत आल्या, त्या मी घासून दिल्या. रात्र झाली. मला काही झालेलं नाही. मी तुझ्यापेक्षा सहा वर्षं मोठा, तुझ्यापेक्षा जास्त धूळ खाल्ली. व्हायचं असतं तर आधी मला झालं असतं. घरात आजारी म्हणशील तर एक ढब्बू आहे, आणि त्याने काही कॅप घासलेल्या नाहीत.

आता हा विषय नको.

दादा


४ जुलै

दादा,

विषय हाच. दुसरा नाही.

तुझं पत्र वाचून मी इतकी पेटले की जुनी पत्रं काढली, तुझी किती वाक्यं तुझ्या तोंडावर फेकता येतील ते बघायला. चहा ठेवला होता, तो उतू गेला. कारण वाचता वाचता भलतंच दिसायला लागलं.

ढब्बू पुलाच्या अलीकडे थांबतो. ढब्बू बाकावर बसतो. ढब्बूला जिना चढवत नाही.

दादा, ढब्बू मी दिलाय तुला. तुझ्या पन्नाशीला, कॅपच्या खोक्यात घालून मी स्वतः आणलेलं, आमच्या जिन्याखालचं पिल्लू. महिन्याचं होतं. तीन वर्षांचा कुत्रा म्हातारा होत नाही. वहिनी इथे होती तेव्हा सांगत होती, साखळी सुटली की गल्लीच्या टोकापर्यंत मांजरामागे पळतो. मी हसले होते. माझ्याच श्वासाच्या नादात होते, दोन आणि दोन जोडले नाहीत. तुझी दाढ डोलली तेव्हाच कळायला हवं होतं.

म्हातारा कोण झालाय, सांग. जीभ कोण बाहेर काढतो. बस कुणी सोडली. मला भेटायला यायला कुणाला चालवलं नाही. आणि लबाड माणसा, खापर फोडलंस कुणावर, तर ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मला सगळ्यांनी "वय झालं" म्हटलं तेव्हा मी चवताळले. तू स्वतःलाच म्हटलंस आणि गप्प बसलास. डॉक्टरांवर मी अजून चिडलेली आहे, पण तुझ्यावर त्याहून जास्त. त्यांना माहीत नव्हतं. तुला आता माहीत आहे.

मला आप्पा गेल्याचं दुःख झालं ते एकदा झालं. तुझ्यासाठी पुन्हा तेच खिडकीतलं बसणं बघायचं नाहीये मला. आप्पांनी विष दिलं असं मी म्हणत नाही. त्यांना ठाऊक असतं तर त्यांनीच ते डबे सगळ्यात आधी बाहेर फेकले असते, आणि तुला एक ठेवून दिली असती.

जा.

ठिणगी


२ ऑगस्ट

प्रिय ठिणगी,

महिनाभर लिहिलं नाही. तुझ्या फोनची घंटा ऐकू आली, पण उचलून काय बोलणार होतो?

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी ढब्बूला घेऊन निघालो, तुला खोटं पाडायला. पुलाच्या अलीकडे मी साखळी सोडली. तो पूल ओलांडून पार पलीकडे गेला. तिथून वळून बघितलं. मग परत आला आणि माझ्या पायाशी बसला, रोज बसतो तसा. तो मला सोबत करत होता गं इतके दिवस. आणि मी तुझ्याकडे त्याची चुगली करत होतो.

घरी येऊन वहिनीला तुझी दोन्ही पत्रं दिली. तिने ती वाचून घड्या घालून ठेवली. फक्त म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही माझ्याशी बोलायचं टाळता, म्हणून बाहेर बसता." तेव्हा मला सगळ्यात वाईट वाटलं.

जाऊन आलो. माझ्याही छातीतल्या चौक्या भरलेल्या आहेत. तुझ्यापेक्षा जास्त. काखेत गाठ आहे, ती मला गेल्या वर्षीपासून माहीत होती. तुझ्या गाठीचं पत्र आलं तेव्हा माझा आवाज तुझ्यासाठी गेला, तेवढाच माझ्यासाठीही गेला होता. रक्त पाठवलंय. उत्तर काय येणार ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

डबे बंद केले. ते कुठे आणि कसे द्यायचे ते तुझ्या बाईंना विचारून कळव, असेच कचऱ्यात टाकवत नाहीत, दुसरा कुणीतरी उचलेल. काल टेबल ओल्या फडक्याने पुसलं. पुसून झाल्यावर सवयीने वाकलो आणि फुंकर मारायला गाल फुगवले. मग हळूच नाकाने सोडून दिला श्वास.

खोकं रिकामं पाठवतोय, पहिल्यांदाच. आत पत्राशिवाय काही नाही, उलटंपालटं करून शोधत बसू नकोस.

रविवारी आम्ही तिघं येतोय, वहिनी, मी आणि ढब्बू. तुझे तीन मजले माझ्याने चढवणार नाहीत, आणि तुझ्याने उतरून पुन्हा चढवणार नाही. तेव्हा असं करू. तू एक मजला उतर, आम्ही दोन चढतो, थांबत थांबत. जिन्यातच बसू. शेजारणीने विचारलं काय हरवलंय, तर सांगू तिला.

तुझा,
दादा